उकाड्याचा आकडा

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हा इथे जपानमध्ये मलाही आनंद झाला. तो विरोध योग्यच होता. पण त्या वादात भाषा म्हणजे शाळेचं वेळापत्रक आणि दुकानाची पाटी एवढंच उरलं, याची खंत मला इथला उन्हाळा सुरू झाला की हमखास वाटते. कारण इथे उन्हाळ्यात भाषा कामाला लागते.

तापण्याचे जपानी शब्द मला फार आवडतात. हवा तापली तरी ‘अत्सुई’, चहा कढत असला तरी ‘अत्सुई’. उच्चार एकच, चित्रलिपीतली चिन्हं मात्र निराळी. सूप गरम करणं म्हणजे ‘अतातामेरु’. कोंबडी अंडी उबवते तेही अतातामेरु, आणि एखादी योजना कुणी वर्षानुवर्षं मनात जपली असेल तर तीही त्याने ‘उबवलेली’ असते. दुरावलेले मित्र भेटले की जुनी मैत्री उबवतात. चर्चा ऐन रंगात आली की ‘हाकुनेत्सु’, म्हणजे तापून पांढरी झालेली, आणि हे कौतुकाने म्हणतात. इंटरनेटवर लोक एखाद्यावर तुटून पडले की तो ‘एन्जो’, भडका. 2018 मध्ये 41.1 अंश नोंदवणाऱ्या कुमागाया शहराच्या ‘अत्सुइझो कुमागाया’ या घोषवाक्यात ‘अत्सुइझो’ नुसत्या उच्चारलिपीत लिहितात, त्यामुळे त्यात हवाही मावते आणि गावकऱ्यांचा उत्साहही.

मराठी यात कुठेच कमी नाही. धग, झळ, तलखी, काहिली, ऊब, कोमट. अंगात भरतो तो ताप, मनातला तो संताप, आणि निष्ठेने केलं की तप. फरक पडतो तो सरकारी कागदावर. जपानच्या हवामान संस्थेने 2007 मध्ये 35 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या दिवसाला ‘मोशोबी’ असं नाव दिलं. तेव्हापासून बातम्यांत आणि घरोघरी तोच शब्द चालतो, आणि त्यामागचा आकडाही लोकांना माहीत असतो.

आता उकाडा घ्या. दमट, न वाळणाऱ्या घामाची उष्णता. जपानीत तिला ‘मुशिअत्सुई’ म्हणतात, ‘मुसु’ म्हणजे वाफेवर उकडणे. मोदकाची उकड आणि मुंबईचा उकाडा यांचं जे नातं, तेच इथेही आहे! शरीराला खरा धोका याच उष्णतेचा, म्हणून इथला उष्माघाताचा इशारा नुसत्या तापमानावर निघत नाही. आर्द्रता, ऊन आणि हवेचं तापमान एकत्र धरणारा निर्देशांक 33 किंवा त्याहून वर जाईल असा अंदाज असला की तो देतात. 2025 च्या जूनपासून हा निर्देशांक 28 किंवा तापमान 31 अंश वा त्याहून जास्त असेल तिथे सलग तासभर किंवा त्याहून जास्त काम करून घेणाऱ्या मालकांवर उपाययोजना बंधनकारक झाली.

शब्दाने सगळं साधतं असं मी म्हणत नाही. त्याच 2025 च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्माघातामुळे एक लाखाहून अधिक लोकांना रुग्णवाहिकेने हलवावं लागलं. एकटे राहणारे कितीतरी वृद्ध एसी लावतच नाहीत.

तरीही खारघर आठवतं. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा, भर दुपारचं उघडं मैदान, आणि 14 मृत्यू. पुढचे कित्येक दिवस दोष कुणाचा यावर वाद तापला. खाडीकाठच्या हवेत किती उकाड्यापर्यंत माणसांना उघड्यावर बसवायचं, हा प्रश्न मागे पडला. आपल्याकडे किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरते ती 37 अंश आणि सरासरीपेक्षा किती जास्त, यावर. दमटपणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा येतो. माझी आई फोनवर म्हणते, “उकाड्याने जीव नकोसा झालाय रे.” तिला तो इशारा आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी हेही मागावं: मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी ‘उकाड्याचा इशारा’, त्याच नावाने, ठरलेल्या आकड्यासह, आणि तो आकडा ओलांडला की उघड्यावरची कामं आणि सभा थांबवण्याच्या नियमासह. मार्च उजाडण्याआधी.