प्रिय ग्राहक, फक्त ३ प्लॉट शिल्लक!

नागपुरात प्लॉट काय, कोणीही विकतो. पानठेल्यावर उभा असलेला माणूसही बोलता बोलता बेलतरोडीचा एक कॉर्नर प्लॉट सुचवून जातो. पण वर्धा रोडला काचेचं ऑफिस आणि टेबलावर ‘संचालक’ अशी पाटी असेल, तर दर सोमवारी ईमेलवर न्यूजलेटर पाठवल्याशिवाय धंद्याला शोभा नाही. तेव्हा भाऊ, बसा लॅपटॉप घेऊन.

पत्ते कुठून आणायचे, हा प्रश्न नवशिक्यांना पडतो. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉची कुपनं आहेत, भाच्याच्या लग्नात आहेर लिहिलेली वही आहे, कुठल्याशा बँकेत चिकटलेला साळा आहे. दहा वर्षांपूर्वी मानेवाड्यात भाड्याने खोली विचारून गेलेला माणूसही सोडू नका. आता त्याचं स्वतःचं घर झालं, वरचा मजलाही चढला, तरी ‘तुमच्या पहिल्या घराचं स्वप्न’ त्याला गेलंच पाहिजे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि ठरावीक कामापुरती असावी असं काहीबाही आहे म्हणतात. मिक्सर लागेल या आशेने ज्याने कुपन भरलं, त्याची संमती याहून स्पष्ट ती काय असणार?

सगळे पत्ते एकाच खेपेत ‘टू’च्या रकान्यात ओता. बीसीसी वगैरे लपवाछपवी आपल्याला जमत नाही. म्हणजे काकांना कळतं की व्याहीसुद्धा गुपचूप प्लॉट शोधून राहिले आहेत. मग कोणीतरी सगळ्यांना मिळून उत्तर देतं, ‘माझं नाव काढा’. त्यावर आणखी वीसजण ‘माझंही’ म्हणतात. एवढा प्रतिसाद होर्डिंगला कधी मिळाला होता?

विषयाची ओळ एकच ठेवा: फक्त ३ प्लॉट शिल्लक. जानेवारीतही ३, दिवाळीतही ३. हा आकडा चुकूनही २ वर आणू नका, गिऱ्हाईक खरंच घाबरतं. सण मात्र बदलत राहा. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा तर पुण्याचे एजंटही वापरतात; आपल्याकडे पोळ्याचा पाडवा आहे, मारबतीचा पुतळा मिरवत इडापिडा गावाबाहेर घालवायचा दिवस. ‘घरभाड्याची इडापिडा घेऊन जा गे मारबत!’ आणि खाली पिवळ्या मारबतीशेजारी हात जोडलेले तुम्ही. हे नागपूरबाहेर कोणाला सुचणार नाही.

चित्राचं जरा मनावर घ्या. ले-आउटवर सध्या काय आहे? एक कमान. दोन सिंह, वर कारंज्याची सोय, बाजूला चौकीदाराची केबिन, आणि कमानीतून आत पाहिलं की तूर. म्हणून फोटो काढायचा नाही, चित्र बनवून घ्यायचं. त्यात हिरवळ हवी, सायकलवर गोरी पोरं हवीत, क्लब हाउस हवं आणि मागे डोंगर हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हे चित्र पाहूनच माणसाला गार वाटतं. मजकूरही चित्रातच टाका. निव्वळ चित्राच्या मेलकडे स्पॅमवाले संशयाने पाहतात, पण संशय कोणावर घेत नाहीत ते?

महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर या चित्रात कुठे बसवायचा, ही मोठी अडचण. ५०० चौरस मीटरच्या वरचा आणि आठाहून जास्त प्लॉट-फ्लॅटचा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरातीत आणता येत नाही, आणि कायद्याने जाहिरात म्हणजे कोणत्याही माध्यमातली जाहिरात. ईमेलही त्यातच आला. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही मागतात. द्या की! पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरात नंबर द्या आणि क्यूआर कोडच्या बरोबर मधोमध संत्र्याचा लोगो ठेवा. मोबाइल धरून धरून माणूस दमतो आणि फोन करतो. फोनच तर हवा होता.

आता अंतर. अंतर किलोमीटरमध्ये देणं हा गुन्हा समजा. ‘मिहान ५ मिनिटं, एम्स ७ मिनिटं.’ कोणत्या गाडीने आणि रात्री किती वाजता, हे विचारणारा मुळात गिऱ्हाईकच नाही. ‘समृद्धी टच’ हे तर हमखास चालतं. ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग शिवमडक्यापासून निघतो आणि वावरांच्या बाजूबाजूने जातो, हे खरंच आहे. त्यावर चढायला इंटरचेंज लागतो, मधेच कुंपणावरून उडी मारता येत नाही, हेही खरं आहे. पण दोन्ही खरं एकाच मेलमध्ये कशाला? टच म्हणजे टच. रात्रभर ट्रकचा आवाज अगदी घरात येतो. ‘मेट्रो टच’चंही तसंच. दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, बुटीबोरी, कन्हान, हिंगणा सगळं त्यात आलं. मंजुरी आली त्या दिवशीच तुमच्या ले-आउटसमोर गाडी थांबायला हवी होती.

आर.एल.बद्दल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या सरकारी पत्राबद्दल, मात्र अवाक्षर नको. नागपूरचा माणूस हवापाणी विचारत नाही, ‘आर.एल. आहे का?’ विचारतो. रिलीज लेटर नसलेला प्लॉट घेऊन ज्यांनी ५७२ आणि १९०० अनधिकृत ले-आउटच्या भानगडी भोगल्या, गुंठेवारीचा प्लॉट नियमित करायच्या डिमांड नोटसाठी नागपूर सुधार प्रन्यासच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांची पोरं आता प्लॉट घ्यायच्या वयाची आहेत आणि बापाने त्यांना हा एकच शब्द शिकवून ठेवलाय. तुम्ही ‘आर.एल. प्रोसेसमध्ये’ लिहा. प्रोसेस महानगर विकास प्राधिकरणात (एनएमआरडीए) आहे, तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे की देवाच्या मनात आहे, ते लिहायची गरज नाही. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणून ‘टोकन’ असा गोड शब्द वापरा आणि आकडा फोनवर सांगा.

अनसब्स्क्राइबचं बटण गूगलच्या हट्टापायी द्यावं लागतं. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एका क्लिकमध्ये सुटका द्यायची सक्ती आहे. द्या, पण राखाडीवर राखाडी. आणि ज्याने ते शोधून दाबलं, त्याला लगेच फोन लावा: ‘काहून सर, आवडलं नाही का आमचं?’ किती जणांनी मेल उघडला याचा तक्ता बिल्डरला दाखवताना आयफोनवाले वगळू नका. ॲपलच्या मेलमधली चित्रं २०२१ पासून आपोआप आधीच उतरून घेतली जातात, त्यामुळे झोपलेला माणूसही ‘वाचला’ म्हणून मोजला जातो.

आणि एखाद दिवशी खरंच उत्तर येईल. ना नमस्कार, ना सही, एकच ओळ: ‘आर.एल. नंबर सांगा, नाला किती फुटांवर आहे?’ हा माणूस कुठल्यातरी सरकारी खात्यातून रिटायर झालेला असणार, सावध राहा. लेखी उत्तर चुकूनही देऊ नका. ‘काका, साइटवर या ना, गाडी पाठवतो’ म्हणा. एसी गाडी पाठवा, वाटेत तर्री-पोहे खाऊ घाला, कमानीजवळ उतरवून तिथेच बोलत ठेवा. फक्त पावसाळ्यात बोलावू नका. काळ्या मातीत गाडी फसली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्याच गावचा असतो. गाडी ओढता ओढता नाल्याला पूर कुठवर येतो ते बोटाने दाखवतो.