२३६ चेंडूंत ६८ धावा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

बांगर-द्रविड भागीदारीवरच्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे आधी सांगतो. संजय बांगरच्या २३६ चेंडूंत ६८ म्हणजे स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागच्या धावा) २९ सुद्धा नाही, त्याचं कौतुक कसलं? ऑगस्ट २००२ची इंग्लंडमधली हेडिंग्ले कसोटी जिंकून दिली ती तेंडुलकर-गांगुलीच्या फटक्यांनी आणि कुंबळे-हरभजनने. चेंडू सोडायला कौशल्य लागत नाही, भीती पुरते. स्टोक्स-मॅक्युलमच्या आक्रमक इंग्लंडने हे सगळं मोडीत काढलंय. आणि जाता जाता एक चिमटा: ‘गावसकरांनी बंगळूरला ९६ काढले, तरी हरलोच ना?’

चेंडू सोडण्यापासून सुरुवात करतो, कारण आपलं खरं बिनसलंय ते तिथेच.

थोडं गणित करू. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत ५.४. चेंडूचा व्यास साधारण ७.२, त्रिज्या ३.६. चांगल्या टप्प्याचा चेंडू पडल्यावर बॅटपर्यंत चारेक मीटर जातो असं धरा. फलंदाजाने मूळ रेषेत बॅट अगदी सरळ आणली आणि चेंडू सीमवर (शिवणीवर) पडून एका अंशाने बाहेर निघाला, तर बॅटपाशी येईतो तो ७ सेंटिमीटर सरकलेला असतो. कड लागते, स्लिपमध्ये झेल, खेळ खल्लास. तोच चेंडू दीड अंशाने निघाला तर साडेदहा सेंटिमीटर सरकतो आणि कशालाही न लागता यष्टिरक्षकाकडे जातो. म्हणजे सरळ बॅटीला जास्त वळलेला चेंडू कमी धोक्याचा! ढोबळ मानाने पाच सेंटिमीटरच्या आत वळला तर पात्यावर येतो, पाच ते नऊमध्ये कड घेतो, नवाच्या पुढे गेला की बीट, म्हणजे बॅटला चुकवून जातो.

तेव्हा बीट झालेला फलंदाज पुष्कळदा बरोबरच खेळलेला असतो. घोळ होतो पुढच्या चेंडूला. स्लिपमधून हसणं ऐकू येतं, गोलंदाज अर्ध्या खेळपट्टीवर येऊन डोळे वटारतो, आणि पुढचा चेंडू बाहेर निघाला की हात आपोआप त्याच्या मागे जातात. साडेदहा सेंटिमीटर वळलेल्या चेंडूमागे हात तीन सेंटिमीटर गेले, की उरले साडेसात. जो चेंडू बीट करून गेला असता त्याला फलंदाजाने स्वतःच कडेवर आणलं. आपली रेषा धरून ठेवायची आणि चेंडू गेला तर जाऊ द्यायचा, याला माझ्या लेखी कौशल्य म्हणतात. भित्रा माणूस नेमका उलटं करतो, चेंडूला बॅट लावायला धावतो.

१९ डिसेंबर २०२०, ॲडलेड, ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा डाव ३६ धावांत संपला. त्या डावाची दृश्यं पुन्हा बघा. हेझलवूड ८ धावांत ५, कमिन्स २१ धावांत ४. आडव्या बॅटीने हाणायला जाऊन सगळे गेले असं काही झालं नाही. चेंडू किंचित हलत होता, आणि एकामागून एक कडा यष्टीमागे पेनच्या हातात जात होत्या. पाच ते नऊ सेंटिमीटरचा पट्टा.

आता सोडायचा कुठला? फलंदाजाकडे एकच खूण असते, ती म्हणजे आपला ऑफस्टंप (पायांपासून लांबचा, बॅटच्या बाजूचा स्टंप) कुठे आहे याची जाणीव. मधल्या स्टंपवर गार्ड (उभं राहायची खूण) घेऊन मागचा पाय थोडा मागे-आडवा नेला की डोळे साधारण ऑफस्टंपवर येतात. मग डोळ्यांच्या बाहेर जो जाईल तो सोडायचा. ऐकायला सोपं आहे, पण दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, दीड तासाने दमल्यावर डोकं ऑफच्या बाजूला कलायला लागतं. डोळे पाचव्या स्टंपवर (ऑफस्टंपच्या बाहेरच्या कल्पित रेषेवर) जातात, मग जो सोडायचा तो खेळला जातो आणि आत येणारा पुढच्या पॅडवर आदळतो. दुसरी, गार्डची खूण स्पाइक्सखाली पुसली जाते आणि फलंदाज नकळत दोन-तीन इंच सरकून उभा राहतो. ब्रेकनंतर आल्यावर पंचांना पुन्हा गार्ड विचारणारा फलंदाज वेळ काढत नसतो, होकायंत्र परत लावत असतो.

वर नियमाचीही मेख आहे. फटका खेळण्याचा खरा प्रयत्न केला असेल आणि चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर पॅडवर लागला, तर पायचीत देता येत नाही. बॅट वर उचलून सोडला असेल तर देता येतं. चुकीचा सोडलेला चेंडू चुकीच्या खेळलेल्या चेंडूपेक्षा महाग पडतो. आणि हा हिशेब देशागणिक बदलतो. पर्थ किंवा ब्रिस्बेनला टप्पा बघून सोडता येतं, कारण गुडघ्याच्या वर आलेला चेंडू यष्टींवरून जातो. हेडिंग्लेला तोच टप्पा बेल्स उडवतो, तिथे रेषा बघूनच सोडावं लागतं.

इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो, तुमच्या लक्षात आला नसावा. २००२मध्ये डीआरएस (पंचांच्या निर्णयाची तंत्रज्ञानाने फेरतपासणी) नव्हतं. लांब पाऊल टाकून पुढे आलेल्या फलंदाजाला पंच बहुधा संशयाचा फायदा देत. पुढे येऊन बॅट पॅडच्या आडोशाला ठेवायची ती जुनी पद्धत आज चालणार नाही. आता बॅट पॅडच्या पुढेच हवी. बांगरचं तंत्र जसंच्या तसं उचला असं कोणी म्हणत असेल तर त्याला माझाही विरोध.

आता स्ट्राइक रेट. मालिकेत भारत ०-१ मागे. जाफरला वगळून रेल्वेकडून खेळणाऱ्या, मूळच्या बीडच्या बांगरला सलामीला पाठवलं. आभाळ भरलेलं, हातात इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्सचा चेंडू, आणि नाणेफेक जिंकून गांगुलीने फलंदाजी घेतलेली. हेडिंग्लेत खेळपट्टीकडे नको, वर बघा, असं तिथली माणसं म्हणतात ते उगाच नाही. १५ वर सेहवाग गेला. दुसरा बळी पडला तेव्हा फलकावर १८५ होते. बांगर-द्रविडच्या या १७० धावांमध्ये होगार्ड, कॅडिक, ट्यूडर आणि फ्लिंटॉफ चौघांचेही स्पेलमागून स्पेल (सलग टाकलेल्या षटकांचे टप्पे) वापरून संपले. ड्यूक्सची शिवण हाताने घातलेली असते, सहाही ओळी, म्हणून ती लवकर बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूच्या मधल्या दोनच ओळी हाताच्या, बाकी मशीनच्या, त्यामुळे तिथे वीस-पंचवीस षटकं तगून राहिलं तरी बरंच काम होतं. इंग्लंडमध्ये तेवढ्यावर भागत नाही, दुपारपर्यंत नांगर टाकून बसावं लागतं.

गांगुली आला तेव्हा धावफलक होता ३ बाद ३३५. त्याने १६७ चेंडूंत १२८ काढल्या, दुसऱ्या दिवशीच्या अंधूक उजेडात नुसता धुमाकूळ घातला. पण त्याच्यासमोरचे गोलंदाज दीड दिवस राबलेले होते. या १२८ धावांचं श्रेय बांगरच्या खात्यात टाकायला मी सांगत नाही. फक्त त्या १६७ चेंडूंची किंमत मोजताना आधीचे बांगरचे २३६ (आणि द्रविडचे ३०७) चेंडू बाहेर ठेवू नका. तेंडुलकरचे १९३ सुद्धा ३३० चेंडूंत आहेत, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही! ६२८ पाठीशी असल्यामुळेच कुंबळे-हरभजनला चार माणसं फलंदाजाच्या तोंडाशी उभी करता आली. इंग्लंड २७३ आणि ३०९, डावाने आणि ४६ धावांनी विजय.

गोलंदाजांना असं दमवल्याची उधारी पुढच्या सामन्यातही वसूल होते. जानेवारी २०२१मध्ये सिडनीला भारताने चौथ्या डावात १३१ षटकं काढली. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. तो सामना ११ तारखेला संपला, ब्रिस्बेनचा १५ला सुरू झाला, आणि ऑस्ट्रेलियाकडे तेच चार गोलंदाज. शेवटच्या दिवशी पुजाराने २११ चेंडूंत ५६ करताना अंगावर किती फटके खाल्ले ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातलं तंत्र मात्र क्वचित कोणी सांगतं. भेगांवरून चेंडू अचानक उसळत असताना बॅट वर नेली की ग्लोव्हला लागून शॉर्ट लेगकडे झेल उडतो. म्हणून मनगटं खाली सोडायची, हात चेंडूच्या वाटेतून काढायचे आणि चेंडू बरगडीवर, दंडावर घ्यायचा. बरगडीला लागून झेल उडाला तरी कोणी बाद होत नाही.

कंटाळवाणं वाटतं, मान्य. आणि एका ठिकाणी तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे: संयमाच्या नावाखाली अडकून पडणं. २०२१ची साउदॅम्प्टनची जागतिक कसोटी अजिंक्यपद फायनल घ्या. पुजारा ५४ चेंडूंत ८, दुसऱ्या डावात ८० चेंडूंत १५. गोलंदाजाला एकाच फलंदाजाला सलग सहा चेंडू टाकायला मिळाले की तो सापळा लावतो: चार बाहेर, एक किंचित जवळ, एक आत. एक धाव काढून समोरच्या टोकाला गेलं की सापळा अर्धवट राहतो. त्यासाठी फटका लागत नाही, लागतात सैल हात. वरचा हात घट्ट, खालच्या हाताची फक्त अंगठा आणि दोन बोटं, चेंडू डोळ्यांखाली आल्यावर खेळायचा, मग तो पायाशीच पडतो आणि पॉइंटवाला पोहोचेतो धाव निघते. खालचा हात आवळला की बॅट पॅडच्या पुढे ढकलली जाते, धाव तर निघत नाहीच, वर कड लागली तर ती स्लिपपर्यंत पोहोचते.

बंगळूरबद्दल एवढंच. मार्च १९८७, पाकिस्तानविरुद्ध, लक्ष्य २२१, भारत २०४, पराभव १६ धावांनी. गावसकर २६४ चेंडूंत ९६. त्या खेळपट्टीवर त्याच सामन्यात पाकिस्तान ११६ आणि भारत १४५ मध्ये आटोपले होते, मनिंदरने २७ धावांत ७ काढले होते. इक्बाल कासिमचा चेंडू बाहेर वळत होता, तौसीफचा आत, आणि मध्येच कुठलातरी सापासारखा फणा काढत होता. अशा वेळी एकतर टप्प्यापर्यंत पूर्ण पुढे जायचं किंवा पार यष्टींपर्यंत मागे. अधलंमधलं पाऊल म्हणजे मरण. शेवटी कासिमच्या उसळलेल्या चेंडूवरच स्लिपमध्ये झेल गेला. हरलो, हो. पण ते ९६ काढून टाका आणि मग बघा किती धावांनी हरलो असतो.

इंग्लंडचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून रांची, फेब्रुवारी २०२४. राजकोटला रिव्हर्स फटका मारायच्या नादात रूट स्लिपमध्ये गेला होता. रांचीत पहिल्याच सकाळी इंग्लंड ५ बाद ११२, आणि तिथून रूटने २७४ चेंडूंत नाबाद १२२ काढल्या, जुन्या वळणाने. त्याच सामन्यात भारत १९२चा पाठलाग करताना ५ बाद १२० असताना गिल आणि जुरेल यांनी न फुटता ७२ जोडल्या. गिलच्या नाबाद ५२ धावांत एकही चौकार नाही, दोन षटकार आहेत, तेही अगदी शेवटी. बाकी सगळ्या पळून. याला तुम्ही संथ म्हणाल की आक्रमक? ट्रेंट ब्रिजला २०२२मध्ये बेअरस्टोने ९२ चेंडूंत १३६ मारल्या त्या मलाही आवडल्या, पण पाचव्या दिवशी ती खेळपट्टी गोलंदाजांना फारसं काही देत नव्हती.

मुंबईकरांना यातलं काही नवीन वाटणार नाही. कांगा लीग १९४८पासून भर पावसाळ्यात, ओल्या मैदानांवर खेळली जाते. चेंडू थांबून येतो, उडतो, हलतो, आणि चाळीस धावा म्हणजे मोठी खेळी. वेंगसरकरने १९८६मध्ये याच हेडिंग्लेवर ६१ आणि नाबाद १०२ केल्या. इंग्लंडचा अख्खा पहिला डाव होता १०२चा.

तुम्ही शेवटी विचारलंत की मुलगा सोळा वर्षांखालील गटात खेळतो, त्याला ‘सोडायला शिकव’ म्हणजे नेमकं काय शिकवू. ऑफस्टंपच्या बाहेर एक चेंडू मावेल एवढ्या अंतरावर चौथा स्टंप किंवा कोन ठेवा. सोळा-सतरा यार्डांवरून साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांडीने) २४ चेंडू टाका, काही आत, काही बाहेर, क्रम न ठरवता. त्याने चेंडू टप्पा पडायच्या आत ‘खेळ’ किंवा ‘सोड’ असं मोठ्याने म्हणायचं आणि तसंच करायचं. धावा मोजू नका. बोललेलं आणि केलेलं किती वेळा जुळलं ते मोजा. चोवीसमध्ये अठरा जुळले की एक यार्ड जवळ या. मागे मोबाइल लावून एक गोष्ट बघा: सोडताना बॅट आणि हात शरीराजवळ वर जातायत की बाहेर झुलतायत. झुलणाऱ्या हातांना आज नेटमध्ये कड लागणार नाही, पण उसळत्या खेळपट्टीवर ग्लोव्हला लागून जाईल. आणि पहिले दोन आठवडे ओल्या टेनिस बॉलवरच करा, लेदर बॉल नको. चुकीचा सोडलेला चेंडू गुडघ्यावर बसला की पोरगं त्यानंतर महिनाभर काहीच सोडत नाही.