‘ओढणारा ओढणारच’ म्हणून टपरी मोकळी सोडायची?

“ज्याला ओढायची तो कुठूनही मिळवून ओढणारच. अठराखालच्यांना तंबाखू विकू नका हा कायदा नुसता कागदावरचा. पोलिसांना चिरीमिरी मिळते, गरीब टपरीवाला भरडला जातो. पोराला वळण लावणं हे आईबापाचं काम.” हा मजकूर बरेच दिवस ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. त्याखाली शिक्षकांनीही ‘अगदी बरोबर’ लिहिलेलं पाहिलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

‘कुठूनही मिळवतात.’ कुठूनही म्हणजे कुठून? २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांना हेच विचारलं होतं. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६९ टक्के आणि विडी ओढणाऱ्यांपैकी ७८ टक्के मुलांनी ती दुकानातून, पानटपरीवरून किंवा फेरीवाल्याकडून विकत घेतली होती. म्हणजे राजरोस, पैसे मोजून. शाळेजवळच्या कुठल्याही टपरीसमोर पाच मिनिटं उभं राहा. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, त्यांना खेटून सिगारेटची उघडी पाकिटं, खांबाला दोरीने बांधलेला लायटर. नववी-दहावीच्या पोराकडे अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली. शाळा-कॉलेजपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे ती तर २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यातच; अठराखालच्यांना विकण्याची बंदीही त्यातलीच.

‘असले कायदे चालत नाहीत.’ तपासणी केली तर चालतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वुडरिज गावात १९८९ मध्ये विक्रेत्यांना परवाना सक्तीचा केला. पोलिसांच्या देखरेखीखाली अल्पवयीन मुलांना खरेदीला पाठवून पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली. आधी दहापैकी सात दुकानं मुलांना सिगारेट देत होती, नंतर हे प्रमाण पाच टक्क्यांखाली गेलं. सातवी-आठवीतल्या मुलांचं धूम्रपानही निम्म्याहून कमी झालं.

याच्या उलटा दाखलाही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तपासणी सुरू केल्यावर ८२ टक्के दुकानदार नियम पाळू लागले, तरी मुलांचं धूम्रपान घटलं नाही. उरलेली दुकानं पोरांना पुरेशी होती. पाचातलं एक दुकान देतं म्हटल्यावर पोरं तिथेच जमणार. यावरून कायदा सोडून द्यावा असं ठरत नाही. अर्धवट राबवून उपयोग नाही, एवढंच ठरतं. आपल्याकडे तर तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास एखादी मोहीम, चार पावत्या, पेपरात फोटो आणि पुन्हा वर्षभर सामसूम. ज्याची नीट परीक्षाच घेतली नाही त्याला नापास कसं म्हणायचं?

‘गुटखाबंदीचं काय झालं?’ हा प्रश्न रास्त आहे, पण उदाहरण गैरलागू. २०१२ पासून राज्यात गुटखा सगळ्यांनाच बंद, त्यामुळे तो विकणारा चोरूनच विकतो. वयाच्या कायद्यात मोठ्या गिऱ्हाइकांचा धंदा उजळ माथ्याने चालू राहतो आणि तो जाण्याची भीतीच विक्रेत्याला सरळ ठेवते. मात्र त्यासाठी परवाना हवा. तंबाखू विकणाऱ्यांना पालिकांमार्फत परवाना द्यावा आणि त्याच दुकानात चॉकलेट-वेफर्स विकू देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना २०१७ मध्ये कळवलं होतं. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

‘गरीब टपरीवाला भरडला जातो.’ २००३ च्या केंद्रीय कायद्यात अठराखालच्यांना विकण्याच्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त २०० रुपये. यात कोण भरडला जातो? दुसऱ्या टोकाला बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहे: मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इतकं जबर कलम रोजच्या विक्रीला कोण लावणार? मधलं काहीतरी हवं, टपरीवाल्याला झेपेल पण टळणार नाही असं. कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून वय २१ आणि दंड १००० रुपये केला, तो मला याहून बरा वाटतो. चिरीमिरीची तक्रार खरी आहे. पण तिच्यावर इलाज म्हणजे कायदा गुंडाळणं नव्हे.

‘वळण आईबापाने लावावं.’ लावावंच. पण आपल्या किती घरांत आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात पैसे देऊन ‘जा, तंबाखूची पुडी घेऊन ये’ म्हणतात? विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणायला असंच पाठवतात. पोराला टपरी, भाव, घरच्यांची आवड सगळं पाठ होतं आणि एक दिवस ते पुडी वाटेतच फोडतं. २००३ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये माल कोणासाठी नेतोय याला महत्त्व नाही. विकत घ्यायला आलेला अठराच्या आत असेल तर द्यायचा नाही, आणि शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा अधिकार विक्रेत्याला आहे. त्यामुळे टपरीवाला ‘बाबांनाच पाठव’ म्हणाला आणि बाबा तिथे येऊन आवाज चढवू लागले, तर आजूबाजूच्यांनी टपरीवाल्याच्या बाजूने उभं राहावं.