चोरी सुटू नये म्हणून घ्यायची काळजी

चोरी कोणीही करतो. पण ती नव्वद वर्षं न सुटलेली ठेवणं एकट्यादुकट्या चोराच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी गावातली प्रतिष्ठित माणसं लागतात. तुमच्या भागातलं एखादं चर्च किंवा देऊळ लुटलं गेलं आणि तपास चुकून लागेल अशी भीती वाटली, तर बेल्जियममधल्या गेंट शहराकडून धडे घ्या.

तिथल्या संत बाव्होच्या कॅथेड्रलात व्हान आइक बंधूंचं भव्य वेदीचित्र आहे. १४३२ साली पूर्ण झालेलं, अनेक फळ्यांचं. तयारी फार आधीपासून करावी लागते. यातल्या दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या काही फळ्या एकोणिसाव्या शतकात विकल्या जाऊन बर्लिनला पोहोचल्या होत्या. तिथल्या संग्रहालयाने १८९४ मध्ये त्या जाडीतून उभ्या चिरल्या. कारण काय, तर दोन्ही बाजू एकाच वेळी भिंतीवर दिसाव्यात! पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्या गेंटला परत आल्या. १० एप्रिल १९३४ च्या रात्री आलेल्या चोराला त्यामुळे एका फळीच्या जागी दोन मिळाल्या: एकीवर करड्या रंगातला संत जॉन, दुसरीवर घोड्यांवर बसलेले न्यायाधीश. नमुना म्हणून परत करायला एक, अडवून ठेवायला एक. चोराने रिकाम्या जागी फ्रेंचमध्ये चिठ्ठीही सोडली की, हे व्हर्सायच्या तहाने जर्मनीकडून घेतलेलं आहे. संशय परस्पर शेजाऱ्याकडे वळवायचा, हाही धडा लक्षात ठेवा.

सकाळी चोरी उघडकीस आल्यावर घटनास्थळाची राखण वगैरे करत बसू नका. येऊ दे लोकांना, बघू दे. सांगतात की, पोलिस अधिकारी आले, गर्दी पाहिली आणि जवळच्या चीजच्या दुकानातल्या चोरीकडे वळले. हसू नका. चीज नाशवंत असतं, व्हान आइक पाचशे वर्षं टिकलाच होता.

मग खंडणीचं पत्र येतं. गेंटच्या बिशपना आलं, खाली सही ‘डी. यू. ए.’, मागणी दहा लाख फ्रँकची. उत्तरं वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींमधून द्यायची होती. चोराने सचोटी दाखवायला सामानघराची पावती पाठवली आणि ब्रुसेल्सच्या उत्तर स्थानकावर संत जॉन सुखरूप सापडले. आपल्याकडे चोराच्या हातची लंगोटी मिळाली तरी माणूस हात जोडतो. इथे आख्खा संत मिळाला होता. तेव्हा काय करावं? घासाघीस. दहा लाखांऐवजी पंचवीस हजार पाकिटात घालून पाठवावेत. चोर दुखावला. पुढची पत्रं वाचताना वाटतं, शब्द पाळला तो एकट्यानेच, आणि तो गुन्हेगार होता. पत्रव्यवहार तेरा पत्रांपर्यंत लांबला. पैसे द्यायचे नाहीत हे धोरण समजू शकतं, सगळे द्यायचे हेही. थोडे देऊन चोराचा अपमान करायचा ही तिसरी वाट मात्र खास सरकारी बुद्धीची.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्सेन खुडर्टियर नावाचा शेअर दलाल एका राजकीय सभेनंतर हृदयविकाराने कोसळला. सभ्य गृहस्थ, चर्चच्या कामात पुढे असणारा. मरताना त्याने वकिलाला बोलावून सांगितलं की, चित्र कुठे आहे ते फक्त मला ठाऊक आहे, कागद लेखनाच्या मेजाच्या खणात आहेत. खणात खंडणीच्या पत्रांच्या कार्बन प्रती निघाल्या, एक न पाठवलेलं पत्रही निघालं. त्यात असा मजकूर की, वस्तू अशा ठिकाणी आहे जिथून ती मी किंवा कोणीही लोकांच्या नजरेत आल्याशिवाय हलवू शकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. असा कागद हाती लागला की पोलिसांकडे पळत सुटू नका. आधी तुमच्याच पातळीवरच्या मंडळींना विश्वासात घ्या. वकिलाने कायदेक्षेत्रातल्या बड्यांना गाठलं आणि त्यांनी महिनाभर खाजगीत शोध घेतला. पोलिसांना नंतर कळलं, तोवर माग थंडावला होता. चित्रातले न्यायाधीश हरवलेले, खरे शोधायला निघालेले. यापेक्षा भरवशाची व्यवस्था कुठली?

रिकामी चौकट वाईट दिसते, तर प्रत लावा. येफ व्हान डेर व्हेकन या जीर्णोद्धारकाने एका जुन्या फळीवर ती केली. एका न्यायाधीशाला त्याने राजे तिसऱ्या लिओपोल्डचा चेहरा दिला. पुढे प्रतीचा कर्ताच संशयित, हीच खरी फळी असेल, अशाही वावड्या उठल्या. नाझींनीही हरवलेल्या फळीचा माग काढायला अधिकारी पाठवला होता, तोही रिकाम्या हाताने परतला. कारेल मॉर्टियर या गेंटच्या पोलिसप्रमुखाने तर अनेक दशकं यात घालवली. अशी एखादी चिकाटीची व्यक्ती निघतेच, घाबरू नका, वर्षं उलटली की तिचं ओझं हलकं होतं.

तुम्हालाही हातभार लावायचा असेल तर एक सिद्धांत मांडा. २०१८ मध्ये दोघा लेखकांनी पत्रांमधलं कोडं सोडवून फळी कालांडेबर्ग चौकाखाली असल्याचं जाहीर केलं. तुमची जागाही अशीच निवडा: वर्दळीची, फरसबंद, खणायला परवानगी न मिळणारी. खणून काही निघालं नाही तर सिद्धांताचं काय होईल, आणि काही निघालं तर पुस्तकाची दुसरी आवृत्ती कोण घेईल?