‘पहिल्या पानाची हमी’ देणाऱ्या सहा सूत्रांचा प्रतिवाद

वेबसाइट चालवणाऱ्यांच्या गटांतून एक संदेश गेली अनेक वर्षे थोड्याफार फरकाने फिरत आहे. त्याचा आशय असा: गूगलच्या शोधात वर यायचे असेल, तर मुख्य कीवर्ड (लोक ज्या शब्दाने शोधतात तो शब्द) मजकुरात दोन ते तीन टक्के या प्रमाणात आणावा, मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधील, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) न चुकता भरावा, दर महिन्याला ठरावीक संख्येने बॅकलिंक (दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) विकत घेऊन ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढवावी, प्रत्येक पान किमान दीड हजार शब्दांचे करावे आणि रोज एक नवे पान टाकावे, थोडी जाहिरात सतत चालू ठेवावी, म्हणजे नैसर्गिक (जाहिरातीविना मिळणारा) क्रमही वर जातो, आणि एवढे केले की नव्वद दिवसांत पहिले पान निश्चित.

हा संदेश केवळ निरुपयोगी असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु त्यातील निदान दोन सूत्रे वेबसाइटचे प्रत्यक्ष नुकसान करतात, आणि ज्याचे नुकसान होते तो मालक बहुधा तुटपुंज्या साधनांवर एकट्याने सगळे सांभाळणारा असतो. सहाही सूत्रांमध्ये एक समान धागा आहे: प्रत्येकाच्या मुळाशी मोजता येणारी, म्हणूनच बिलावर लिहिता येणारी अशी एखादी गोष्ट आहे. शोधणाऱ्याला जे हवे होते ते या पानावर मिळाले का, हा प्रश्न मात्र अशा कोणत्याही आकड्यात बसत नाही, आणि सर्च इंजिनचा सगळा खटाटोप त्याच प्रश्नासाठी चाललेला असतो.

पहिले सूत्र कीवर्डच्या टक्केवारीचे आहे. दस्तऐवजात एखादा शब्द किती वेळा आला यावरून त्याचा विषय ओळखण्याची कल्पना जुनी आहे; संगणकशास्त्रज्ञ हान्स पीटर लून यांनी ती १९५७ मध्येच मांडली होती. पण १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवून दिले की तो शब्द संपूर्ण संग्रहात किती दुर्मीळ आहे, यालाही मोठे महत्त्व आहे. पुढे १९९०च्या दशकात स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘बीएम२५’ हे गुणांकनाचे सूत्र आकाराला आले, आणि त्यात तर पुनरावृत्तीचा लाभ वेगाने घटत जातो, म्हणजे पहिल्या काही उल्लेखांनंतर पुढच्या प्रत्येक उल्लेखाने गुणांत नगण्य भर पडते. थोडक्यात, गूगलची स्थापना १९९८ मध्ये होण्यापूर्वीच या शास्त्राने सरळ टक्केवारी मागे टाकली होती. शोधाचा अर्थ समजून घेण्यासाठी ‘रँकब्रेन’ ही प्रणाली वापरत असल्याचे गूगलने २०१५ मध्ये आणि ‘बर्ट’ ही प्रणाली वापरत असल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले, तेव्हापासून तर वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंधही विचारात घेतले जातात. मराठीपुरते बोलायचे, तर ‘घर’, ‘घरात’ आणि ‘घरांसाठी’ ही रूपे एक मानायची की तीन, हे ठरवल्याशिवाय टक्केवारी काढताच येत नाही. संदेश लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. शिवाय कीवर्डची अशी भरताड गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांत स्पष्टपणे निषिद्ध ठरवलेली आहे.

या सूत्रात सत्याचा एक अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात असायलाच हवेत. अनेक मालक आपल्या व्यवसायातील अंतर्गत परिभाषा वापरतात आणि ग्राहक मात्र वेगळ्याच शब्दांनी शोधत असतो. हे अंतर सर्च कन्सोल या गूगलच्या वेबसाइट-मालकांसाठीच्या साधनातील शोधशब्दांची यादी वाचून कमी करता येते. हे साधन मोफत आहे आणि त्यात मागील सोळा महिन्यांची आकडेवारी पाहता येते.

मेटा कीवर्ड टॅगविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वेब शोधाच्या क्रमवारीसाठी हा टॅग आपण वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. तो भरल्याने आपले लक्ष्य असलेल्या शब्दांची यादी प्रतिस्पर्ध्याला आयती मिळते, एवढाच परिणाम होतो. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचा थोडक्यात परिचय, ही वेगळी गोष्ट आहे: तेही क्रम ठरवत नाही, पण शोधनिकालात पानाच्या नावाखाली ते अनेकदा दिसते, त्यामुळे ते वाचनीय असावे.

तिसरे सूत्र सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थांबणे भाग आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीचे तर्कशास्त्र असे होते की एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही एक प्रकारची शिफारस असते, आणि त्या शिफारशीचे वजन शिफारस करणाऱ्या पानाच्या वजनावर अवलंबून असते. हे सारे तर्कशास्त्र उभे आहे ते लिंक देणाऱ्याने ती स्वतःच्या निर्णयाने दिली, या गृहीतकावर. पैसे मोजून घेतलेली लिंक नेमके तेच गृहीतक मोडते. म्हणूनच क्रम वाढवण्याच्या हेतूने लिंक विकणे आणि विकत घेणे, या दोन्ही गोष्टी गूगल स्पॅम मानते. जाहिरात म्हणून लिंक घेण्यास मनाई नाही. मात्र ती शिफारस नाही हे सांगणारी ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण तिच्या कोडमध्ये असली पाहिजे. त्यांपैकी दुसरी खूण २००५ पासून आणि पहिली २०१९ पासून उपलब्ध आहे.

‘आमच्या ओळखीच्या एकाने लिंक विकत घेतल्या आणि त्याची वेबसाइट वर आली,’ असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. असे घडते, काही काळ घडते, आणि हा दावा इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारणही तेच आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या विक्रीसाखळीची वेबसाइट २०१०च्या अखेरीस, खरेदीच्या ऐन हंगामात, कपडे आणि बिछान्यापासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शब्दांच्या शोधात अग्रस्थानी दिसत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यामागील पैसे देऊन मिळवलेल्या लिंकांचे जाळे उघडकीस आणले, आणि त्याच सुमारास गूगलच्या कारवाईने ती वेबसाइट त्या शब्दांसाठी थेट मागच्या पानांवर गेली. जानेवारी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या प्रसारासाठी लिहवून घेतलेल्या प्रायोजित मजकुरात अशीच लिंक आढळली, तेव्हा गूगलने स्वतःच्या क्रोमच्या पानाचा क्रमही किमान साठ दिवसांसाठी खाली आणला. बलाढ्य कंपन्या अशा धक्क्यातून सावरतात, कारण त्यांच्याकडे येणारा ग्राहक केवळ शोधातून येत नसतो. ज्याचे बहुतेक ग्राहक शोधातूनच येतात, त्याला असे दोन महिने परवडत नाहीत.

एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या ‘पेंग्विन’ या गूगलच्या बदलाने अशा लिंकांवर अल्गोरिदमच्या पातळीवर कारवाई सुरू केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तो मुख्य अल्गोरिदमचा भाग झाल्यापासून बनावट लिंकांकडे बहुतांशी दुर्लक्षच केले जाते. म्हणजे आज लिंक विकत घेणाऱ्यासमोर मुख्यतः दोन शक्यता असतात: पैसे वाया जाणे, किंवा गूगलच्या मानवी परीक्षकाकडून ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजे थेट कारवाई, ओढवून घेणे. दुसरी शक्यता खरी ठरली, तर लिंका काढवून घेणे, न निघणाऱ्यांना ‘डिसअव्हाउ’ करणे (त्या मोजू नका, असे गूगलला कळवणे) आणि पुनर्विचाराचा अर्ज करणे हा कंटाळवाणा मार्ग उरतो. लिंका विकून गेलेला माणूस तेव्हा सहसा सोबत नसतो.

‘डोमेन ऑथॉरिटी’विषयीचा गैरसमजही याच सूत्राला जोडलेला आहे. हा आकडा मॉझ या कंपनीने स्वतःच्या माहितीवरून काढलेला १ ते १०० या मापावरचा अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही. गूगलचा स्वतःचा सार्वजनिक आकडा, म्हणजे टूलबारमध्ये दिसणारा पेजरँक, २०१६ मध्ये बंद झाला, पण विकण्यासाठी आकडा हवाच असलेल्या बाजाराने त्याची जागा दुसऱ्यांच्या आकड्यांनी भरून काढली. तुलनेसाठी हे माप उपयोगी पडू शकते. ते वाढवणे हेच उद्दिष्ट ठरले, की माणूस ग्राहकाऐवजी मोजपट्टीची सेवा करू लागतो. आणि ज्या लिंका पूर्णपणे आपल्या हातात असतात, ज्यांना एक पैसाही लागत नाही, त्या आपल्याच पानांमधील परस्पर लिंकांकडे या संदेशात कुणाचे लक्षही जात नाही, याची मला खरी खंत वाटते. महत्त्वाच्या पानापर्यंत आपल्याच दुसऱ्या पानांवरून पोहोचता येत नसेल, तर क्रॉलरलाही (लिंकांवरून पाने शोधत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रामलाही) ते सहज सापडत नाही.

दीड हजार शब्द आणि रोज एक पान, हे चौथे सूत्र परस्परसंबंधाला कार्यकारणभाव समजण्यातून जन्मले आहे. सविस्तर पाने अनेकदा वर दिसतात, कारण विषय नीट मांडलेला असल्यामुळे लोक त्यांचा उल्लेख करतात. शब्द मोजले जातात म्हणून नव्हे. गूगलच्या मार्गदर्शनात शब्दसंख्येचे कोणतेही जादुई लक्ष्य नसल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपते, त्यासाठी वाचकाला दहा परिच्छेद खाली सरकायला लावणे हा त्याच्या वेळेचा अनादर आहे. रोजच्या पानाचा हट्ट याहून धोकादायक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या ‘पांडा’ या बदलाने तेथील ११.८ टक्के शोधांवर परिणाम केला, आणि वेबसाइटच्या एका भागातील निकृष्ट मजकूर संपूर्ण वेबसाइटचा क्रम खाली ओढू शकतो, हे गूगलने त्याच वर्षी सांगितले. मार्च २०२४ मध्ये क्रमवारीसाठी घाऊक मजकूरनिर्मिती करण्याविरुद्ध स्वतंत्र धोरण आले, आणि तो मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, याने त्यात फरक पडत नाही. जुन्या पानाची केवळ तारीख बदलून ते ताजे भासवण्याचाही उपयोग नाही.

जाहिरातीने नैसर्गिक क्रम वाढतो, हा समज प्रामाणिक निरीक्षणातूनही तयार होऊ शकतो, म्हणून तो सहानुभूतीने समजून घ्यावा लागतो. जाहिरात देण्याचा नैसर्गिक निकालांवर परिणाम होत नाही, ही गूगलची जाहीर भूमिका आहे. तरीही जाहिरात सुरू केल्यावर सर्च कन्सोलमधील क्लिक वाढलेले दिसतात, कारण जाहिरात पाहिलेली माणसे पुढे व्यवसायाचे नाव टाकून शोधतात. व्यवसायाचे नाव असलेले शोध गाळून उरलेल्या शोधांचा क्रम जाहिरातीपूर्वी आणि जाहिरातीनंतर तपासला, तर चित्र स्पष्ट होते. जाहिरात तिच्या जागी उपयुक्त आहेच. पण अंदाजपत्रक संपले की ती दिसायची थांबते, हे गृहीत धरूनच तिचा खर्च ठरवावा.

उरली हमी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे एसईओ (वेबसाइट शोधात वर आणण्याची) सेवा घेणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या सूचनांतच नमूद आहे, आणि बदलांचा लाभ दिसायला साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते, असेही त्यात सांगितले आहे. नव्वद दिवसांची हमी प्रत्यक्षात पाळलीही जाते, पण ती बहुधा असे शब्द निवडून, जे कुणी शोधतच नाही: व्यवसायाचेच अनोखे नाव, किंवा सहा शब्दांचा एखादा विचित्र समूह. त्यामुळे कोणत्या शोधशब्दांसाठी काम होणार आणि ते आज किती वेळा शोधले जातात, हे करारापूर्वी लेखी मागावे. मिळवल्या जाणाऱ्या प्रत्येक लिंकचा पत्ताही कळवण्याची अट घालावी; जो ती नाकारतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. सर्च कन्सोलमधील मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवून सेवा देणाऱ्याला केवळ वापरकर्त्याची परवानगी द्यावी: ती केव्हाही काढून घेता येते, आणि मॅन्युअल ॲक्शनची सूचना आलीच, तर ती मालकापासून लपवता येत नाही.