बांगीची नाडी दुआलाच्या रस्त्यावर

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील रशियन भाडोत्री सैनिकांवरचा एक लेख वाचला. तो अभ्यासपूर्ण असला, तरी त्यात रस्त्यांचा विषय एका वाक्यात उरकला आहे आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. या देशाला समुद्रकिनारा नाही, रेल्वेही नाही. राजधानी बांगीला लागणारा बहुतेक माल कॅमेरूनच्या दुआला बंदरातून सुमारे 1,400 किलोमीटरची मजल मारत ट्रकने येतो. डिसेंबर 2020 च्या निवडणुकीच्या तोंडावर एकत्र आलेल्या बंडखोर गटांनी पुढच्याच महिन्यात राजधानीवर हल्ला केला खरा, परंतु त्याहून झोंबली ती त्यांनी या रस्त्याची केलेली कोंडी. सीमेवरच्या गारुआ-बुलाई येथे शेकडो ट्रक कित्येक आठवडे अडकून पडले, बांगीत खाद्यपदार्थांचे भाव कडाडले, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या बंदोबस्तात पहिला ताफा पोहोचला तेव्हा कुठे बाजारात माल दिसू लागला. उबांगी नदीचा जलमार्ग आहे, पण कोरड्या हंगामात पाणी उतरले की मोठी मालवाहतूक थांबते. ईशान्येकडील बिराओ पावसाळ्यात उरलेल्या देशापासून जवळजवळ तुटते, आणि एप्रिल 2023 पासून सुदानमधील निर्वासित नेमके त्याच भागात येत आहेत. सुरक्षा परिषदेने जुलै 2024 मध्ये सरकारवरील शस्त्रबंदी उठवल्याचा उल्लेख लेखात आहे. त्या शस्त्रांनी सज्ज झालेली पलटण भर पावसाळ्यात बिराओला पोहोचणार कशी, हेही लेखकाने पुढील भागात मांडावे.