साहेब तुमचे मित्र, वादक कुणाचे?

"दादा, साहेबांचा वाढदिवस आहे. दोनच गाणी म्हणायची, घरचंच कार्य समजा." पुण्यात चार कार्यक्रम केलेल्या प्रत्येक गायकाला कुठल्यातरी पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा हा फोन येतो. साहेबांच्या घरी जेवायला खुशाल जा, फार्महाऊसवर मैफल रंगवा. पण स्टेज लागलं की कोटेशन पाठवायचं, हे माझं स्पष्ट मत.

'दोन गाणी' म्हणजे काय ते बघा. साउंड चेक चारला. पत्रिकेवर वेळ सातची, साहेब येणार साडेनऊला. मग हार, शाल, श्रीफळ, वॉर्डातल्या सगळ्यांचे सत्कार. पहिलं कडवं संपेस्तोवर मागे फटाक्यांची माळ लागलेली, आणि दहाला उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद! बारापर्यंतची सूट सरकार वर्षात फार तर १५ दिवस देतं, तीही सणांना. कार्यकर्ता म्हणेल, "चालू द्या, वर बोलणं झालंय." ते 'वरचं' लेखी मागा. जप्ती झाली तर अँप्लिफायर साउंडवाल्याचे जातात.

आणि पैसे. मैत्रीखातर गायकाने स्वतःचं मानधन सोडावं, त्याची मर्जी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बेसवाल्यांची नाइट, म्हणजे त्या कार्यक्रमाचं मानधन, मात्र त्याने परस्पर माफ करू नये. त्यांची साहेबांशी कसली मैत्री? निम्मी रक्कम तारीख धरताना, उरलेली स्टेजवर चढण्याआधी. 'कार्यक्रमानंतर बघू' म्हणणारा माणूस कार्यक्रमानंतर दिसत नाही. लोककला किंवा शास्त्रीय सादरीकरणाला दीड लाखापर्यंत जीएसटी नाही. पॉप आणि फिल्मी गाण्यांना ही सूट नाही. नोंदणी असेल तर '१८ टक्के वेगळे' असं कोटेशनवरच लिहा, नाहीतर ते तुमच्या खिशातून जातात.

निवडणुकीत तर जास्तच जपा. सभेतल्या गाण्याबजावण्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. विधानसभेला मर्यादा ४० लाख. म्हणून 'बिल नको, प्रेमाने या' असा आग्रह होतो. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत गाण्याचा कार्यक्रम ठेवून प्रचार करणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. त्या दोन दिवसांत 'स्नेहमेळाव्या'चं बोलावणं आलं तर सरळ घसा बसलाय म्हणा.

मोठ्यांचंही असंच अडतं. मायकल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ला मुंबईत गायला, त्याआधी मातोश्रीवर जाऊन आला. युती सरकारने करमणूक कर माफ केला, ग्राहक पंचायत त्या माफीविरुद्ध कोर्टात गेली आणि प्रकरण अडकलं. मंत्रिमंडळाने माफीवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं जानेवारी २०२१मध्ये. जॅक्सन २००९लाच गेला होता.

फोटोचंही लेखी ठरवा: फक्त याच कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी, कार्यक्रमाच्या तारखेपर्यंत. नाहीतर सिंहगड रोडच्या फ्लेक्सवर साहेबांच्या कोपराखाली तुमचा चेहरा झळकतो, खाली 'शुभेच्छुक', आणि पुढच्या महिन्यात विरोधी गटाचं मंडळ तुमची नवरात्रातली तारीख रद्द करतं.